अठराशी न जुळणारा आकडा

लग्न ठरवायला पैठणहून मंडळी आली तेव्हा आमच्या मामांनी ऐटीत सांगितलं, "मुलगा औरंगाबादला दात पाडतो." होणाऱ्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावर एकदम अदब आली. त्यांनी हातातलं पान बाजूला ठेवलं, तोंड उघडलं आणि आपली हलणारी दाढ मला दाखवली. खुलासा तिथंच करायला हवा होता. पण समोर पोहे आले होते, पडद्याआडून कुणीतरी बघत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी डॉक्टर समजत होतं. मी दाढेकडं गंभीरपणे पाहिलं आणि म्हणालो, "घाई नको करायला." दाढ पुढं आपली आपण पडली, तोवर लग्नही होऊन गेलं होतं. सासरे शेवटपर्यंत मला 'डॉक्टर' म्हणायचे. त्यातला टोमणा तेवढा दर वर्षी थोडा वाढत गेला.

मी पाडायचो ते लोखंडाचे दात. स्टेशनजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर मी गिअर कापायचो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. आमच्या पत्र्याच्या शेडची जागा मात्र एका मंगल कार्यालयानं घेतलीय. तिथं आता लग्नं लागतात, आणि कुणाकडून तरी आमंत्रण आलं की मी अक्षता टाकताना मनातल्या मनात माझं मशीन कुठं होतं ते शोधत असतो. बहुधा नवरदेवाच्या खुर्चीखाली.

या धंद्यात सगळा खेळ भागाकाराचा, आणि भागाकाराशी माझं शाळेपासून वाकडं. सातवीत गुरुजींनी फळ्यावर आकडे लिहिले आणि मूळ अवयव पाडायला सांगितले. म्हणजे एखादा आकडा फोडत फोडत अशा तुकड्यांपर्यंत न्यायचा, की ते पुढं फुटत नाहीत. मी एक्क्याण्णवपुढं ठासून लिहिलं, 'ही मूळ संख्या आहे, फुटत नाही.' गुरुजी म्हणाले, "सात तेरं?" मी म्हणालो, "एक्क्याण्णव." ते म्हणाले, "मग?" मी म्हणालो, "मग काय?" त्यानंतर जे फुटलं ती संख्या नव्हती. असा हा मुलगा पुढं जन्मभर मूळ अवयवांवर पोट भरेल, हे त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर गुरुजींनी नोकरी सोडली असती.

बाहेरच्या माणसाला आमचं काम समजावं म्हणून थोडं सांगतो. गिअर म्हणजे दातेरी चाक. लोखंडाची एक गोल चकती मशीनवर बांधायची, कटरनं कडेला एक खाच पाडायची, चकती थोडी फिरवायची, दुसरी खाच पाडायची. अवघड काय असेल तर ते 'थोडी फिरवायची'. ती नेमकी किती, यासाठी एक हेड असतं. त्याचं हँडल चाळीस वेळा फिरवलं की चकती एकदा फिरते. वीस दात हवे असतील तर दर दाताला हँडलचे दोन फेरे. इथपर्यंत माझ्यासारख्यालाही जमतं. पण साठ दात हवे असले तर दर दाताला फेऱ्याचे दोन-तृतीयांश. आता फेऱ्याचे तीन भाग डोळ्यानं कोण करणार? म्हणून हँडलमागं एक प्लेट असते. तिच्यावर भोकांची वर्तुळं असतात. एकात अठरा भोकं, एकात सत्तावीस, एकात तेहतीस, अशी. अठराच्या वर्तुळात बारा भोकं पुढं गेलं की झाले दोन-तृतीयांश. सोपा नियम असा, की चाळीसला दातांच्या आकड्यानं भागून आलेला अपूर्णांक छोटा केल्यावर खाली जो आकडा उरतो, त्याचे सगळे मूळ अवयव भोकांच्या आकड्यात सापडले पाहिजेत. सापडले तर गिअर होतो. नाही तर गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवायचं.

हे कळायला मला चार महिने लागले. भोकं मोजायला त्याहून जास्त. पहिलंच साठ दातांचं चाक मी कापायला घेतलं आणि हँडलची पिन ज्या भोकात उभी होती तेच 'एक' धरून मोजत गेलो. म्हणजे दर वेळी बाराऐवजी अकराच भोकं पुढं. साठ दात पाडून झाले, मी घाम पुसला आणि बघतो तर चाकाचा एक तुकडा तसाच गुळगुळीत उरलेला. वहीदमियाँ शेजारच्या लेथवर होते. वयानं माझ्या वडिलांएवढे, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि माझी चूक त्यांच्या नजरेतून सुटली असं कधी झालं नाही. त्यांनी चाक हातात घेऊन उन्हाकडं धरलं.

"जाधव मियाँ," ते म्हणाले, "इसकू अक्कलदाढां आनेकी हैं, इसलिए जगा छोडे क्या?"

ते चाक मालकांनी दारात कागदांवर वजन म्हणून ठेवलं. आल्या-गेल्याला माझी ओळख त्यावरूनच करून दिली जायची.

मग हळूहळू आकडे माझ्याशी बोलायला लागले. रस्त्यानं जाताना दुकानाचा नंबर दिसला की मी तो फोडायचो. बायको औरंगपुऱ्यात साडी बघत असायची आणि मी पाटीवरच्या आकड्याचे तुकडे करत असायचो. भरपूर तुकडे होणारा आकडा दिसला की जीव गार व्हायचा. साठ, बहात्तर, चोपन्न ही सगळी घरची माणसं. मूळ संख्या दिसली की कपाळाला आठी. त्रेपन्न, एकोणसाठ, एकसष्ट! फुटत नाहीत, वाकत नाहीत, प्लेटवर बसत नाहीत. माणूस ज्या धंद्यात पडतो, त्या धंद्याच्या सोयीनं त्याला चांगलं-वाईट कळायला लागतं, दुसरं काय.

या आवडीनिवडीपायी मी एकदा एका घोड्याला बेघर केलं.

दौलताबादचे कचरूमामा जत्रांमधून घोड्यांचा पाळणा लावायचे. लाकडी घोडे गोलात फिरतात, पोरं बसतात, तो. त्यांना मधल्या लोखंडी चकतीला सारख्या अंतरावर तेरा भोकं पाडून हवी होती, कारण घोडे तेरा होते. मी तेरा ऐकलं आणि लगेच वैद्यासारखी मान हलवली. ही मूळ संख्या आहे, म्हणालो, होत नाही. बारा करून देतो. मामा म्हणाले, मग एका घोड्याचं काय करू? मी म्हणालो, विका. ते म्हणाले, "ईकू कसा मिस्त्री, नाव ठिवलंय त्याला."

पण मी तज्ज्ञ होतो ना. बारा भोकं पाडली, पाठवून दिलं. पुढं एकदा प्लेट धुवायला काढली, उलटी केली, आणि मागच्या बाजूला एका वर्तुळाजवळ कोरलेला आकडा दिसला. एकोणचाळीस. तेर त्रिक एकोणचाळीस. तेरा त्यात सुखानं नांदत होता. मी फक्त प्लेटची दुसरी बाजू बघितली नव्हती. खुलदाबादच्या उरुसात जाऊन मी मामांना गाठलं आणि सगळं सांगितलं. तेरावा घोडा त्यांनी विकला नव्हता. घराच्या अंगणात बांधला होता आणि गल्लीतली पोरं त्याच्यावर फुकट बसत होती. मी नवी चकती करून देतो म्हणालो तर मामांनी हात हलवला. "ऱ्हाऊ द्या. फिरून फिरून त्याला बी चक्कर याय लागली व्हती."

यातून मी काय शिकलो? प्लेटच्या दोन्ही बाजू बघायला शिकलो. मूळ संख्येचा राग काही गेला नाही. तो गेला वैजापूरला.

हमीदाआपा वैजापूरला करडईचा घाणा चालवायच्या. म्हणजे बैलाचा नव्हे, विजेच्या मोटारीवरचा, पण नाव घाणाच. नवरा गेल्यावर त्यांनीच तो चालू ठेवला होता. आसपासचे शेतकरी आपली करडई घेऊन यायचे, समोर बसून तेल काढून न्यायचे. मुलगा रफिक इथं चिकलठाण्याला कारखान्यात होता. आपा एक दिवस एसटीनं आल्या त्या मांडीवर गोणपाटात बांधलेलं ओझं घेऊन. सोडलं तर आत मोठ्या गिअरचे दोन तुकडे. चालू घाण्यात पाना पडला होता. सोबत रफिकही होता, आणि तो खूश दिसत होता, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

प्रकरण असं होतं. आई एकटी पोती उचलते, दोनदा पडली, हे त्याला बघवत नव्हतं. त्यानं इथं दोन खोल्या घेतल्या होत्या आणि आईनं घाणा भंगारात घालून तिथं यावं असं त्याचं म्हणणं. आपांचं म्हणणं, दोन खोल्यांत मी दिवसभर काय तुझ्या बायकोची भांडी मोजू? शेवटी मायलेकांत ठरलं होतं की चाक एकदा बदलून बघायचं. त्यानंतर या हंगामात घाणा पुन्हा बंद पडला तर आपा कुरकूर न करता शहरात येणार. हे त्यांनी माझ्यासमोर, दोघांनी आपापल्या बाजूनं सांगितलं, आणि दोघांनाही वाटत होतं की मी आपल्या बाजूचा आहे.

मी तुकडे जोडून दात मोजले. त्रेपन्न. पुन्हा मोजले. त्रेपन्नच. आता त्रेपन्न म्हणजे माझ्या डोळ्यांत खुपणारा आकडा, आणि आमच्या प्लेटवर, दोन्ही बाजूंना, कुठंच न बसणारा. त्याला जास्तीची चाकं जोडून करायची एक युक्ती असते, पण तो सरंजाम आमच्याकडं नव्हता. त्याच्याशी जुळणाऱ्या लहान चाकाला दात होते अठरा, रफिक मोजून आला होता. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. अठरा त्रिक चोपन्न! ज्यानं हे चाक केलं त्याला चोपन्नच करायचे होते. बिचारा माझ्यासारखाच भोकं मोजताना चुकला आणि एक दात खाऊन बसला. मला त्या अनोळखी कारागिराविषयी फार माया वाटली. त्याची चूक दुरुस्त करायची म्हणून मी चोपन्न दातांचं देखणं चाक कापलं. सत्तावीसचं वर्तुळ, वीस भोकं, कुठं अडलं नाही.

वहीदमियाँ म्हणाले, "पुराने में तो तिरपन थे ना?"

"एक दात आपांना फुकट," मी म्हणालो.

वैजापूरला जाऊन मी स्वतः ते बसवलं. एका दाताचा फरक म्हणजे दोन चाकांमधलं अंतर नखाएवढं वाढणार. बेअरिंगच्या बोल्टांची भोकं लांबट होती, तेवढं सरकवता आलं. घाणा सुरू झाला. आपांनी मला गुळाचा चहा पाजला, पहिल्या धारेचं तेल बाटलीत भरून दिलं. मी विजयी वीरासारखा घरी आलो. सासरे आलेले होते, त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टर, पेशंट जगला म्हणायचा."

हंगाम भरात असताना रफिक वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. अम्मीनं बोलावलंय, म्हणाला. चाक ठोकतंय. आणि हे सांगताना तो ओठ आवळून हसू दाबत होता असं मला वाटलं. नंतर कळलं की ती काळजी होती.

गेलो. घाण्याच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधीच आवाज ऐकू आला. ठक्. ठक्. ठक्. आपा पोत्यावर बसल्या होत्या.

"मिस्त्री, तुमचं चाक बोलाय लागलंय," त्या म्हणाल्या. "पैलंवालं असं बोलत नव्हतं."

घाणा थांबवून बघितलं तर कारण लगेच सापडलं. लहान चाकाच्या अठरा दातांपैकी एकाला वेल्डिंगचं ठिगळ होतं. कधीतरी मोडला होता, गावातल्या वेल्डरनं लोखंड भरून दिलं होतं, आणि तो दात इतरांपेक्षा किंचित फुगीर होता. मी म्हणालो, हा चोर. लहान चाक दांडीसकट एकाच लोखंडातून काढलेलं, ते नवं करायचं तर हंगाम संपला असता. म्हणून त्या फुगीर दातालाच घासायचं ठरवलं. कानस चालेना, वेल्डिंग कडक. शेजारच्या वेल्डरकडून ग्राइंडर मागून आणला आणि इतक्या मन लावून घासलं की फुगीर दात बाकीच्यांपेक्षा बारीक झाला. घाणा सुरू केला. आता आवाज ठक् असा नव्हता, खडाक् असा होता. पलीकडच्या गल्लीतून एक माणूस काय झालं ते विचारायला आला.

मी पुन्हा ग्राइंडर उचलला. आता शेजारच्या दातांना बारीक करू म्हणजे सगळे सारखे होतील, असा माझा बेत होता. तसा तो झाला असता तर अठराही दात संपेपर्यंत मी थांबलो नसतो. आपा उठल्या आणि त्यांनी सरळ ग्राइंडरचा प्लग काढला.

"आधी बघा. मंग घासा."

त्या एवढंच बोलल्या आणि पुन्हा पोत्यावर जाऊन बसल्या. मला राग आला, पण प्लग त्यांच्या हातात होता. बघायचं तर काय बघायचं? वर्कशॉपमध्ये आम्ही दात कुठं टेकतो ते पाहायला निळा रंग लावतो. तो सोबत नव्हता. आपांनी कपड्यांची नीळ आणली, थोड्या करडईच्या तेलात कालवली. मी ती फक्त त्या बिघडलेल्या दाताला फासली, पट्टा उतरवला आणि हातानं पुली फिरवायला लागलो. फिरव फिरव फिरवली. मोठ्या चाकावर पाहिलं तर फक्त तीन दात निळे. आणखी फिरवलं. तेच तीन, आणखी निळे. नीट पाहिलं तर तेच तीन दात खाल्लेले होते, कडा उडालेल्या. बाकीचे एक्कावन्न शोरूममधून आल्यासारखे.

आपा वाकून बघत होत्या. "ह्या तिघांनीच काय घोडं मारलंय? बाकीच्यांना सुट्टी हाय का?"

आणि तिथं, वैजापूरला, नीळ लागलेल्या हातांनी उभा असताना मला सातवीतला फळा दिसला. अठरा म्हणजे दोन, तीन, तीन. चोपन्न म्हणजे दोन, तीन, तीन, तीन. अठराचे सगळे अवयव चोपन्नच्या पोटात. लहान चाकाचे बरोबर तीन फेरे झाले की मोठ्याचा एक पूर्ण, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं बिघडलेला दात जन्मभर त्याच तिघांच्या डोक्यावर आपटणार. अठरा आणि त्रेपन्न यांच्यात मात्र सामाईक अवयव एकही नाही. तिथं तोच दात दर फेऱ्याला नव्या ठिकाणी पडतो, आणि सगळ्यांना भेटून झाल्याशिवाय पहिल्याकडं परत येत नाही. मार सगळ्यांत वाटला जातो. म्हणून ते जुनं चाक ठिगळाचा दात सोसूनही गप्प चाललं होतं. ज्यानं ते केलं तो भोकं मोजायला चुकला नव्हता. त्यानं मूळ संख्या मुद्दाम निवडली होती, आणि मी त्याच्यावर माया करत बसलो होतो.

मी आपांना हे सांगायचा प्रयत्न केला. दोन तीन तीन ऐकून त्यांनी हात वर केला. "आकडे तुमच्याकडं ठिवा. चाक होतंय का नाय, ते सांगा. रफिक शुक्रवारी टेम्पो घिऊन येनार हाय."

त्रेपन्न होत नव्हतं. बसमध्ये बसलो तेव्हा डोक्यात तेवढं एकच होतं. मूळ संख्या हवी, आणि मूळ संख्याच आपल्या प्लेटवर बसत नाही. खिडकीबाहेर बघत आकडे फोडत होतो. बावन्न घेतला तर दोन, दोन, तेरा. पण दोन अठरातही आहे, म्हणजे निम्मेच दात मार खाणार. चोपन्न तर पाहिलाच. पंचावन्न? पाच आणि अकरा. फुटतो की हा. मूळ नाही. सोडून दिला. बस थोडी पुढं गेली आणि मी सीटवर ताठ झालो. पंचावन्न स्वतः फुटतो, हो. पण त्याचे तुकडे अठराच्या तुकड्यांशी जुळतात कुठं? पाच आणि अकरा एकीकडं, दोन आणि तीन दुसरीकडं. चाक मूळ संख्येचं असायची गरजच नव्हती. ते अठराशी जुळू नये, एवढंच हवं होतं. शिवाय चाळीसला पंचावन्ननं भागून अपूर्णांक छोटा केला की पाच उडतो, खाली अकराच उरतो, आणि अकरा तेहतीसच्या वर्तुळात असतोच. दर दाताला तेहतीसपैकी चोवीस भोकं. आमच्या प्लेटवर, सरळ पुढच्या बाजूला.

शेजारच्या प्रवाशाला मी हे सांगितलं. त्यानं आपली पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

मग आठवलं की आणखी एक दात वाढला म्हणजे बेअरिंग आणखी सरकवावं लागणार, आणि त्या बोल्टांच्या भोकांत जागा किती शिल्लक आहे ते मी मोजलंच नव्हतं. लासूरला उतरलो, उलटी बस पकडली, परत वैजापूर. आपा दाराला कुलूप लावत होत्या.

"काय मिस्त्री, चप्पल ऱ्हायली?"

जागा मोजली. होती. जेमतेम, पण होती.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. मी नवं चाक घेऊन पहिल्या बसनं पोचलो आणि बसवत असतानाच बाहेर टेम्पो थांबला. रफिक उतरला, सोबत भंगारवाल्याचा माणूस, तराजू वगैरे जय्यत. रफिकनं मला पाहिलं आणि तो दारातच थांबला. माणूस वाईट नव्हता. त्यानं आईकडं न बघता मलाच विचारलं, मिस्त्री, किती वेळा बसवणार हो तुम्ही हे?

"या वेळचं शेवटचं," मी म्हणालो. मागच्या वेळीही मी हेच म्हणालो होतो, हे आम्हा तिघांनाही आठवत होतं.

आपा म्हणाल्या, ठरल्याप्रमाणं घाणा बंद पडलाय, मी ना म्हणत नाही. पण चाक एकदा फिरवून बघ, मग उचल. रफिकनं बाह्या मागं सारल्या. मी दाताला नीळ फासली आणि तो पुली फिरवायला लागला. पहिल्या फेऱ्यात एक दात निळा झाला. दुसऱ्यात दुसरा, बऱ्याच लांबचा. तिसऱ्यात आणखी एक. चौथ्या वेळी पहिल्याच्या अलीकडचा शेजारी निळा झाला, पहिला नव्हे. रफिक थांबला, वाकला, पुन्हा फिरवू लागला. मधे मधे मी नीळ लावत होतो. हळूहळू चाकाच्या कडेनं निळा रंग पसरत गेला. कुठं एक पांढरा दात उरायचा, वाटायचं हा सुटला, आणि मग एका फेऱ्यात त्याचाही नंबर लागायचा. भंगारवाल्याचा माणूससुद्धा तराजू ठेवून बघायला बसला. शेवटचा दात निळा झाला तेव्हा रफिकचा शर्ट भिजला होता आणि तो चक्क हसत होता.

"सगळेच झाले," तो म्हणाला.

"व्हय," आपा म्हणाल्या. "आन तू? तू दर बारीला येतोस त्ये माझ्या त्याच दातावर. अम्मी चल, अम्मी चल. कधी पोतं उचलू का इचारलंस? कधी म्हनलास, ह्या वर्षी करडई कशी हाय? जरा फिरून येत जा की बेटा."

रफिकनं पट्टा चढवला, मोटार सुरू केली. आवाज होता. खोटं कशाला सांगू, मी बारीक केलेला दात पूर्वीसारखा कसा होणार? पण आवाज मवाळ होता आणि तो वाढत नव्हता. आपांनी डोकं कलतं करून बराच वेळ ऐकलं. मग वर ठेवलेलं पोतं उतरवायला हात घातला, आणि रफिकनं ते त्यांच्या हातातून घेतलं.

आता प्रश्न टेम्पोचा. भाडं ठरवून आणलेला, रिकामा कसा न्यायचा? आपांनी मागच्या खोलीतली पेंड दाखवली. शहरात गवळ्यांना हवीच असते, म्हणाल्या. भंगारवाल्याचा माणूस आणि रफिक, दोघांनी मिळून पोती चढवली. दुपारी टेम्पो निघाला तेव्हा पुढं ड्रायव्हरशेजारी भंगारवाल्याचा माणूस तराजू मांडीवर घेऊन बसला होता आणि मागं पेंडेच्या पोत्यांवर मी आणि रफिक.

आता संगणकावर चालणारी मशिनं आली आहेत. आकडा दाबला की चाक तयार, त्रेपन्न काय न् एकसष्ट काय. भोकं कुणी मोजत नाही, आणि मोजायला चुकतही नाही. बरंच आहे. फक्त कधी कधी वाटतं, त्या मशीनला आपण काय आकडा दाबतोय, हे आपलं आपल्यालाच माहीत असावं लागतं. अठराला चोपन्न दाबलं तर ते मुकाट्यानं, फार सुबक, चोपन्नच कापून देईल.

टेम्पो लासूरच्या पुढं आला तेव्हा रफिक हातावरची नीळ नखानं खरवडत म्हणाला, "मिस्त्री, हे पंचावन्नचं पण झिजंलच ना कधीतरी?"

"झिजंल की. पण सगळे दात मिळून झिजतील. वेळ लागंल."

"म्हणजे मला अजून लई वर्षं शुक्रवारी वैजापूरला जावं लागणार."

जावं लागलं.